वर्कशॉप कागदावर आलं, तर कामगाराच्या पदरात काय पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात तुमच्या वडिलांचं मशीन शॉप आहे. 11 कामगार, पगार दर महिन्याला पाकिटातून रोख, हिशोब वहीत. आता एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क मिळतंय आणि ते जीएसटी, उद्यम (सरकारकडची छोट्या उद्योगाची नोंदणी) आणि ‘लेबरचे कागद’ मागतायत. वडील म्हणतात, कापाकापी सुरू झाली की पोरांच्या हातात कमी पैसे पडतील आणि चांगला ऑपरेटर शिरोलीच्या एमआयडीसीत पळेल. एका जुन्या कामगारानेही सांगितलं, “मालक, फंड नको, रोख द्या.” तुम्ही विचारताय की सगळं नियमात आणल्याने कामगारांचं खरंच भलं होतं, की आपण फक्त सरकारचं आणि कन्सल्टंटचं पोट भरतो?

मी स्वतः त्याच कन्सल्टंट जातीचा, त्यामुळे माझं उत्तर तेवढं मीठ घालून वाचा. माझे बहुतेक पक्षकार 5 ते 40 माणसांची वर्कशॉप, छोट्या फाउंड्र्या आणि पावडर कोटिंगवाले आहेत. त्यांच्याकडे बघून माझं मत असं झालंय की धंद्याची नोंदणी आणि कामगाराची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली झाली की दुसरी आपोआप होते हा गैरसमज आहे. दुसरी झाली तरी कामगाराचं भलं होईल की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं. फंड आणि विम्यासाठी मालकाने भरायचा हिस्सा मालकाच्या खिशातून जातो की कामगाराच्या.

आधी पहिली नोंदणी घेऊ. उद्यम ऑनलाइन, फुकट आणि स्वयंघोषणेवर मिळतं. त्यात किती माणसं कामाला आहेत हा रकाना असतो, पण तुम्ही 11 लिहिले की 4, हे बघायला कोणी येत नाही. जीएसटीचा संबंध विक्रीशी. शॉप ॲक्टची पावती भिंतीवर लागते. या तिन्हींमुळे वर्कशॉप ‘फॉर्मल’ होतं, पण ड्रिलिंग मशीनवरच्या पोराच्या आयुष्यात त्या दिवशी काहीच बदलत नाही. 2007 साली अर्जुन सेनगुप्ता आयोगाने हेच मांडलं होतं, की धंदा संघटित क्षेत्रात असला म्हणून त्यातला कामगार संघटित होत नाही. आपल्याकडे ते बघायला लांब जावं लागत नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीच्या गेटवर सकाळी सातला उभे राहा, ठेकेदाराच्या टेंपोतून कोण उतरतं ते दिसेल.

तरी उद्यमचा एक फायदा कामगारापर्यंत पोचतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. छोट्या वर्कशॉपमध्ये पगार का लांबतो? बहुतेक वेळा वरून पैसे आलेले नसतात म्हणून. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. 2023-24 पासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. त्यानंतर माझ्या काही पक्षकारांची बिलं मार्चअखेर खरोखर निघायला लागली. काहींना उलटाही अनुभव आला, कंपनीने काम उद्यम नसलेल्या दुसऱ्याला दिलं. तेव्हा हे नक्की होईल असं सांगत नाही. पण पगार सात तारखेला होणं की वीस तारखेला होणं, हा कामगाराच्या घरातला मोठा फरक आहे, आणि तो मालकाचे अडकलेले पैसे कधी येतात यावर अवलंबून असतो.

आता दुसरी नोंदणी. 11 माणसांना नक्की काय लागू आहे, इथे तुमच्या वडिलांचा आणि कंपनीचा, दोघांचाही गोंधळ दिसतो. पीएफ (भविष्य निर्वाह निधी, कामगार ज्याला फंड म्हणतात तो) सक्तीचा 20 माणसांपासून. ईएसआय (कामगार राज्य विमा, म्हणजे उपचार आणि इजेची भरपाई) 10 पासून. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) हीही 10 पासून. म्हणजे तुम्हाला आज पीएफ सक्तीचा नाही, पण ईएसआय दहावा माणूस लागला त्या दिवसापासून लागू आहे, तुम्ही नोंदणी केलेली असो वा नसो. ग्रॅच्युइटीचंही तसंच. आठ वर्षं काम केलेला माणूस 15,000 पगारावर सोडून गेला, तर वर्षाला 15 दिवस, भागिले 26 या हिशोबाने साधारण 69,000 रुपये त्याचे झालेले असतात. नोंद नाही म्हणून देणं टळत नाही, फक्त कामगाराला मागता येतं हे माहीत नसतं. वडिलांना हे सांगा. ‘आपण अजून कशात नाही’ हा त्यांचा समज खरा नाही. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही हे आकडे तेच आहेत. भर पडली ती प्रत्येकाला नेमणूक पत्र देण्याची, आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरण्याची.

मोठी कंपनी पीएफची चलनं का मागते, तेही विचारून घ्या. तुमची माणसं त्यांच्या गेटच्या आत जाऊन काम करणार असतील तर त्यांची अडचण खरी आहे, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी त्यांच्यावर येते. माल तुमच्याकडे येऊन तुमच्याच मशीनवर होणार असेल, तर पीएफ कोड (नोंदणी क्रमांक) ही त्यांच्या परचेसवाल्याच्या छापील यादीतली एक ओळ असते. ‘20 च्या आत आहोत, हे घ्या मस्टर’ म्हटलं की बरेचदा भागतं. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर 20 च्या आतही स्वेच्छेने पीएफ घेता येतो. तो घ्यावा का, हे पुढे सांगतो.

आता पैशाचं. 15,000 रुपये पगाराचा माणूस धरा, पीएफ आणि ईएसआय दोन्ही घेतलं असं समजा.

त्याच्या पगारातून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 113, आणि प्रोफेशन टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300) जातात. हातात पडतात 12,887. मालकाला वर स्वतःचे पीएफचे 1,800, पीएफसोबतच्या विम्याचे आणि प्रशासन खर्चाचे मिळून 150, आणि ईएसआयचे 488 भरावे लागतात. म्हणजे तो माणूस मालकाला 15,000 ऐवजी 17,438 ला पडतो. हा सरळ मार्ग झाला. कामगाराच्या हातात 2,113 कमी आले, पण त्यातले 1,800 त्याच्याच नावावर आहेत आणि वर मालकाचे तेवढेच.

वाकडा मार्ग असा असतो. मालक म्हणतो, “माझं बजेट 15,000, त्यात बसवा.” मग दोन्ही हिस्से त्याच 15,000 तून काढायचे. पगार कागदावर 12,900 च्या आसपास येतो, त्यातून पुन्हा कामगाराची कपात, आणि हातात राहतात जेमतेम 11,058. काल पाकिटातून 15,000 घेणारा माणूस आज बँकेतून 11,000 घेतो आणि घरी जाऊन म्हणतो, मालकाने सरकारच्या नावाखाली कापलं. तो चुकीचं बोलत नसतो. हे बेकायदेशीर आहे, कारण मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करता येत नाही. बहुतेक वेळा तो आकडा त्या कामाच्या किमान वेतनाच्याही खाली जातो. पण नव्या माणसाला घेतानाच ‘सीटीसी’ (मालकाला पडणारा एकूण खर्च) म्हणून आकडा सांगितला की कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या धंद्याच्या नोंदणीमुळे कामगाराचं नुकसान झाल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हाच हिशोब सापडतो.

याची आणखी वाईट भावंडं आहेत. पगार बँकेत टाकायचा आणि संध्याकाळी तीन हजार रोख परत घ्यायचे. माणसं 19 झाली की बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढायची. डीबरिंगला (नगाच्या धारा घासून काढायला) आणि पॅकिंगला येणाऱ्या बायांना मस्टरवर घ्यायचंच नाही, ‘त्या काय, कधी येतात कधी नाही’ म्हणून. या तिन्हींत वर्कशॉपकडे सगळे कागद असतात आणि तपासणीत ते पासही होतं.

तरीही मी तुम्हाला करा असं सांगणार आहे, आणि पहिल्यांदा ईएसआय करा असं सांगणार आहे. कारण तुमचं मशीन शॉप आहे.

एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुपारी तीनची गोष्ट. मालक माणूस म्हणून चांगला, स्वतःच्या गाडीतून खासगी दवाखान्यात नेलं, पहिलं बिल भरलं. संध्याकाळी सहाला मला फोन, “याचं नाव आजच्या आज ईएसआयला चढवता येईल का?” चढवता येतं, पोर्टल अडवत नाही. पण अपघात तीनचा आणि नोंदणी सहाची, हे ऑफिसला दिसतं. मग मस्टर आणा, बँकेचे उतारे आणा, शेजारच्या कामगारांचे जबाब आणा. पगार रोखीत, मस्टर कोरं. तो माणूस दोन वर्षं तिथं काम करत होता हे सिद्ध करायला महिने गेले, आणि तोवर मालकाचा हात आखडत गेला. नवा माणूस लागल्यापासून दहा दिवसांत त्याची नोंद करायची असते. ती झालेली असती तर त्या पोराला पहिल्या दिवसापासून उपचार, बरा होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के, आणि बोटं गेल्याबद्दल मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्क्याने कायमचा मासिक लाभ मिळाला असता. कामाच्या जागी झालेल्या इजेला इतके दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही.

वडिलांना दुसऱ्या बाजूनेही सांगा. ईएसआयची नोंद नसेल तर भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. 1923 च्या भरपाई कायद्यातलं सूत्र संहितेतही तेच राहिलंय. 30 वर्षांचा, 15,000 पगाराचा कामगार कामावर दगावला तर निम्मा पगार गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. उद्यमनगरातलं कुठलं शेड हे एका फटक्यात देऊ शकतं? ईएसआयमध्ये त्या जबाबदारीची किंमत मालकाला महिन्याला माणशी 488 रुपये पडते. 2019 च्या जूनपर्यंत मालकाचा दर पावणेपाच टक्के होता, आता सव्वातीन आहे. एवढ्या पैशात असा विमा बाजारात मिळत नाही.

ईएसआयची दुसरी बाजू लपवत नाही. दवाखान्यात रांग असते, औषध संपलेलं असतं, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं पत्र मिळवायला खेटे घालावे लागतात. ताप-खोकल्याला कामगार गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातो आणि म्हणतो, ईएसआय काय कामाची? पण डायलिसिस लागलं, बायकोचं सिझेरियन झालं, अवलंबून असलेल्या आईची शस्त्रक्रिया निघाली की तोच माणूस कार्ड शोधत माझ्याकडे येतो. आजारपणाच्या रजेचे पैसे हवे असतील तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवस भरलेले असावे लागतात. मशागतीला, सुगीला किंवा गावच्या जत्रेला दोन-दोन महिने गायब होणारी पोरं इथं मार खातात. बिहार, ओडिशाहून फाउंड्रीत आलेल्या कामगारांचंही तेच. त्यांना हे आधी सांगून ठेवा.

पीएफबद्दल माझं मत एवढं ठाम नाही. 40 वर्षांचा टर्नर असेल, तुमच्याकडेच राहणार असेल, तर जरूर घ्या. 8.25 टक्के व्याज 2024-25 चं होतं, पतसंस्थेच्या भीतीशिवाय एवढं कोण देतं? नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळतात, त्यात कामगाराच्या खिशातून रुपया जात नाही. पीएफमधल्या पेन्शनबाबत मात्र कामगारांची कुरकुर रास्त आहे. 15,000 गुणिले 22 वर्षं (वीस भरली की दोन वाढवून धरतात) भागिले 70, म्हणजे वीस वर्षं भरून 4,714 रुपये महिना. आणि तेही दहा वर्षं सेवा जुळली तर. आपल्याकडची पोरं दर दोन वर्षांनी शंभर-दोनशे रुपये हजेरी वाढते म्हणून वर्कशॉप बदलतात आणि प्रत्येक वेळी फंड काढून मोटारसायकलचं डाउन पेमेंट करतात. मग दहा वर्षं जुळत नाहीत. 22 वर्षांच्या अविवाहित पोराला आज हातात 1,800 कमी येणं जास्त टोचतं, आणि त्याला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज असू शकतं, ज्यावर तो महिन्याला तीन टक्के व्याज भरतोय. त्याला सव्वाआठ टक्क्यांची बचत कशी पटेल?

काही जण तुम्हाला सुचवतील की पगाराची फोड करून मूळ वेतन निम्म्यावर आणा, पीएफ 900 वर येईल. संहितेच्या मर्यादेत हे बसतं. पण मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून किमान वेतनाच्या खाली जाऊ देऊ नका, आणि 15,000 च्या पगारात निम्मं म्हणजे 7,500 त्याच्या खालीच जातं. ते केलंत तर आज वाचलेले पैसे उद्या चौकशीत व्याजासकट द्यावे लागतील.

आणि एक फायदा जो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. गडहिंग्लज, आजऱ्याकडे सोयरीक बघायला गेल्यावर मुलीकडचे हमखास विचारतात, “फंड कापतात का?” पगाराची स्लिप, बँकेत दर महिन्याला ठरल्या तारखेला आलेला पगार, नेमणूक पत्र, यावर मुलाचं लग्न ठरतं, घराचं कर्ज मंजूर होतं, भाड्याची खोली मिळते. मी पाहिलंय त्यात कामगारांनी सगळ्यात जास्त किंमत या कागदांना दिली, पेन्शनला नव्हे. आणि हे कागद द्यायला मालकाला फुटकी कवडी लागत नाही. म्हणून पीएफ घ्या अथवा नका, पगार बँकेतून आणि स्लिप हातात, हे या महिन्यापासून सुरू करा.

आता नोंदणीत जे हरवतं त्याकडे बघा, कारण सल्ला देणारे याबद्दल गप्प बसतात. तुमचे वडील जूनमध्ये वह्या-पुस्तकांना, गणपतीला, कुणाच्या घरी मयत झाली तर उचल देत असणार. बिनव्याजी, चिठ्ठीवर. रोखीच्या वर्कशॉपमध्ये कामगाराची खरी सामाजिक सुरक्षा ती असते. सगळं नियमात आलं की पुष्कळ मालक हात झटकतात, “आता तुमचा फंड आहे ना, तिथून काढा.” तिथून निघायला दिवस लागतात, नावातलं एक अक्षर आधारशी जुळत नसेल तर आठवडेही लागतात, आणि मयत उद्यावर थांबत नाही. कायदा उचल द्यायला मनाई करत नाही, ती पगारातून हप्त्याने कापताही येते, फक्त वहीवर सही हवी. ती प्रथा मोडू नका. तुमच्याकडे जुनी माणसं टिकून आहेत त्याचं अर्धं कारण ती उचल असेल.

व्हिएतनाममधल्या छोट्या कारखान्यांवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तिथे नोंदणी केलेल्या धंद्यांचा नफा आणि गुंतवणूक वाढली, आणि रोजंदारीवरच्या माणसांचं प्रमाण घटलं. घटलं याचा चांगला अर्थ असा, की काही जण कायम झाले. पण आपल्याकडे रोजंदारीचा माणूस कमी होतो तेव्हा तो कायम झाला की त्याला नाक्यावर परत पाठवलं, हे प्रत्येक वर्कशॉपमध्ये जाऊन बघावं लागतं. तुमच्या त्या अकरांत घरी काम नेणाऱ्या किंवा अर्धा दिवस येणाऱ्या बाया आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांनाही धरून मोजा. नोंदणीच्या नावाखाली सर्वात आधी त्यांनाच काढलं जातं.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. ईएसआय लगेच, सगळ्यांचं, एकाच तारखेला. मालकाचा हिस्सा नव्या जॉबवर्कच्या रेटमध्ये आधीच धरायचा. कंपनीला कागद हवे असतील तर त्यांनी त्याची किंमत नगामागे द्यावी, आणि हे बोलायची वेळ ऑर्डर घेण्याआधीच असते, नंतर कोणी ऐकत नाही. सगळ्यांचा पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयची कामगाराची कपात शंभर-दीडशेच्या आसपासच राहते. ती पहिलं वर्षभर तुम्ही पगारात तेवढी वाढ देऊन भरून काढलीत तर कुणाची तक्रार उरणार नाही. पीएफचा निर्णय सहा महिन्यांनी, कामगारांना बसवून घ्या. 20 च्या पुढे जायची चिन्हं असतील तर मात्र थांबू नका.

आणि त्या ‘रोख द्या’ म्हणणाऱ्या जुन्या माणसाला नुसतं समजवू नका, आधी विचारा. माझ्या अनुभवात अशा नकारामागे तीन कारणं निघतात. एक तर डोक्यावर कर्ज असतं. किंवा मागच्या मालकाने फंड कापला आणि भरलाच नाही, हा अनुभव गाठीशी असतो. किंवा पिवळं रेशनकार्ड जाईल, लाडक्या बहिणीचे बायकोचे पैसे बंद होतील अशी धास्ती असते. पहिल्याला उचल देऊन, व्याज वाचवून वाट काढता येते. दुसऱ्याला त्याच्याच मोबाइलवर दर महिन्याला जमा झाल्याचं दाखवलं की पुरतं. तिसऱ्यासाठी त्याच्या घरातलं एकूण उत्पन्न आणि त्या योजनेची मर्यादा समोर ठेवून बसावं लागतं. नुसता ईएसआय नंबर मिळाला म्हणून कार्ड जात नाही, पण त्याच्या घरात दुसरं कोण कमावतं हे तुम्हाला माहीत नसताना वचन देऊ नका.